पंधरा लाख, दोन माणसं आणि स्पेनचा हिवाळा

पत्र: ताई, मी वरूड तालुक्यातला. कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून मागच्या वर्षी निवृत्त झालो. वय ६१. पेन्शन हाती ४२ हजार पडते. निवृत्तीच्या पैशातले २० लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले, १५ लाख बँकेत वेगळे ठेवले आहेत. नोकरीभर लोकांना संत्र्याचं सांगत फिरलो, आता स्पेनची संत्री पाहायची आहेत. तिकडे म्हातारी माणसं घरासारखी गाडी घेऊन, कॅरॅव्हॅन म्हणतात तिला, अख्खा हिवाळा समुद्राकाठी काढतात. मी आणि सौ. नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने तसंच राहावं म्हणतो. १५ लाखांत भागेल का? नाही भागलं तर पोस्टातले मोडावेत का? घरी आई ८४ वर्षांची आहे, धाकटा भाऊ शेजारीच राहतो. साडेतीन एकर संत्रा आहे. मला शुगर आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. भाऊबंद म्हणतात, एवढ्या पैशात चारधाम दोनदा होते.

भाऊ, नमस्कार.

पोस्टातले मोडायचे नाहीत. हे पहिलं, आणि यावर वाद नको. त्या २० लाखांवर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ४१ हजार येतात, ते येत राहू द्या. मुदतीआधी काढले तर दंड कापतात, आणि पुढे पुन्हा तोच दर मिळेल याचा भरवसा नाही.

दुसरं, पाच महिने होणार नाहीत. त्याचं कारण पैसा नाही, कायदा आहे. स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स, जर्मनी असे २९ देश शेंगेन व्यवस्थेत येतात. पर्यटक व्हिसावर त्या सगळ्यांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. स्पेनमधून पोर्तुगालला गेलात म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. उतरल्याचा दिवसही धरतात, निघाल्याचाही. टीव्हीवर पाहिलेली ती म्हातारी माणसं बहुतेक जर्मनी-हॉलंडचीच, त्यांना ही मर्यादा लागत नाही. आणि ती बर्फातून पळून आलेली असतात. आपल्याला पळायचं तर मे महिन्यात वरूडहून पळावं, डिसेंबरात कशाला? पण तुम्हाला संत्री पाहायची आहेत, आणि स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागातली संत्री मुख्यतः हिवाळ्यात उतरतात. म्हणून तुमचा हिवाळा मला मान्य आहे.

९० दिवस काठोकाठ भरू नका. विमान चुकलं, आजारपण आलं, तर हाताशी दिवस हवेत. ६० दिवस धरा. संक्रांत घरी करा, आंबिया बहाराचा ताण, म्हणजे फुलोऱ्यासाठी झाडांचं बंद ठेवलेलं पाणी, स्वतः उभं राहून तोडा, पहिलं हलकं पाणी तुमच्या डोळ्यांसमोर जाऊ द्या आणि मग निघा. १५ मार्चच्या सुमारास परत. वहिनींचं हळदीकुंकू रथसप्तमीआधीच बुडेल, तेवढं त्यांना आधी विचारून घ्या. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखलाही तुम्ही गावात असतानाच होऊन जाईल. नाताळची महागडी विमानं टळतील आणि ईस्टरची गर्दीही टळेल. ईस्टरच्या आठवड्यात स्पेनची माणसंच कुटुंबं घेऊन कॅम्पिंगवर उतरतात, तेव्हा दर चढतात.

आता पैसे. युरो मी मुद्दाम ११० रुपयांनी धरते. हिशेबात रुपया पडका धरला की परदेशात झोप लागते.

निघण्याआधीचा खर्च असा. दोघांची नागपूरहून जाऊन-येऊन विमानं दीड लाख. व्हिसाची फी माणशी ९० युरो, त्यावर व्हिसा अर्ज केंद्राचं शुल्क, बोटांचे ठसे द्यायला जाण्या-येण्याचं भाडं, असे मिळून ३५ हजार. साठीपुढच्या दोघांचा दोन महिन्यांचा प्रवास विमा ४० हजार. म्हणजे सव्वादोन लाख रुपये तर घराचा उंबरा ओलांडण्याआधीच गेले, आणि यात कुठेही घासाघीस होत नाही.

तिथला खर्च मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. गाडीत झोपायला-रांधायला सोय असलेली व्हॅन थंडीच्या मंदीत दिवसाला साधारण ७० युरोंना मिळते. ६० दिवसांचे ४ लाख ६२ हजार झाले. कॅम्पिंगची जागा, वीज-पाण्यासह, रात्रीला सरासरी २२ युरो, म्हणजे १ लाख ४५ हजार. अडीच हजार किलोमीटर फिरलात तर शंभराला दहा लिटर डिझेल, लिटरला दीड युरो, ४१ हजार. खाणंपिणं दोघांचं दिवसाला १५ युरो, घरी रांधून, एक लाखाला हजार कमी. गॅस, कपडे धुण्याचं मशीन, सिमकार्ड, गावातली बस, तिकिटं वगैरे ४४ हजार. आधीचे सव्वादोन धरून सगळे मिळून १० लाख २० हजारांच्या आसपास.

म्हणजे तुमचे पंधरा लाख पाच महिन्यांना पुरले नसते आणि दोन महिन्यांना लागत नाहीत. पण मी असेही दहा लाख खर्चू देणार नाही.

या हिशेबात सगळ्यात मोठी रक्कम कोणती ते पाहा. व्हॅनचं भाडं. आणि ती व्हॅन ६० पैकी ४० दिवस एका जागी उभी राहणार आहे, कारण गाडी चालवणारे तुम्ही एकटेच. उभ्या गाडीचं भाडं का भरायचं? स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बऱ्याच कॅम्पिंगमध्ये लाकडी बंगल्या किंवा एका जागी बसवलेल्या कॅरॅव्हॅन असतात, आत स्वयंपाकघर, संडास, हीटर. हिवाळ्यात महिन्याच्या बोलीने घेतल्या तर त्या पुष्कळ स्वस्त पडतात. शेजारी तीच सगळी जर्मन-डच मंडळी, तोच समुद्र, आवारातली तीच बाकं. तेव्हा व्हॅन २४ दिवस घ्या. कमी दिवसांना दर थोडा चढतो, ७५ युरो धरा, १ लाख ९८ हजार. त्या २४ रात्रींची जागा ५८ हजार. उरलेले ३६ दिवस एकाच ठिकाणी बंगली, १,१०० युरोंत बसवा, १ लाख २१ हजार. डिझेल २५ हजारांवर येतं. निघण्याआधीचा खर्च, खाणंपिणं आणि किरकोळ आधीचंच धरून बेरीज ७ लाख ७० हजार. अडीच लाख वाचले, आणि मला तर वाटतं सुखही वाढलं.

त्यातले ४० हजार मात्र मी परत खर्चायला लावते. भाड्याच्या व्हॅनला ओरखडा गेला तर पहिले हजार-दीड हजार युरो तुमच्या खिशातून जातात. दिवसाला १५ युरोंच्या आसपास जास्तीचं भरलं की ही जबाबदारी बरीच खाली येते. तुम्ही बोलेरो कितीही सफाईने चालवत असाल, पण तिथे स्टिअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने, लांबी सात मीटर, उंची तीन मीटर आणि समोर गोल चौक. हे चाळीस हजार वाचवू नका. दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर जाऊ नका आणि पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट गाडी उचलू नका. दोन रात्री बंगलीत झोपून मग उचला. व्हॅन विकत घेऊन जाताना विकायची, असं कुणी सुचवलं तर कानाआड करा. परदेशी माणसाच्या नावावर नोंदणी, विमा, पत्ता यातच साठ दिवस संपतील.

भाऊ, आता एक गंमत. पंधरा लाख खर्चायचे नाहीत, पण दाखवायचे आहेत. स्पेन पर्यटकाकडून माणशी दिवसाला ठरावीक रकमेचा पुरावा मागू शकतं. २०२५ मध्ये ती ११८ युरोंच्या किंचित वर होती. दोघांचे ६० दिवस म्हणजे १४ हजार युरोंच्या वर, आपले साडेपंधरा लाख. म्हणून बँकेतले १५ लाख व्हिसा हाती येईपर्यंत हलवू नका, भाच्याच्या लग्नाला उसने देऊ नका, आणि अर्जाला पोस्टाचं पासबुक, पेन्शनचा आदेश, सातबारा जोडा. आदल्या महिन्यात एकदम आलेली मोठी रक्कम त्यांच्या डोळ्यात खुपते. जुनी, शांत पडून असलेली रक्कम बोलते. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ऑक्टोबरात करा. व्हिसावर किती दिवस लिहून आले ते पाहूनच व्हॅनचे पैसे भरा, तोवर रद्द करता येणारं बुकिंग ठेवा.

पुढची अडचण क्रेडिट कार्डाची. व्हॅनवाला अनामत म्हणून हजार-दोन हजार युरो कार्डावर अडकवून ठेवतो, आणि कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. डेबिट कार्ड, प्रीपेड फॉरेक्स कार्ड बहुधा चालत नाही. निवृत्त माणसाला बँक कार्ड द्यायला कुरकुरते, पण मुदत ठेवीवर देते. १५ पैकी चार लाखांची मुदत ठेव करा आणि तिच्यावर कार्ड घ्या. पैसा तुमच्याच नावावर राहतो, व्याजही चालू. कार्ड आलं की बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार चालू करा, नव्या कार्डांवर तो आपोआप बंद असतो. रोजच्या खर्चाला मात्र फॉरेक्स कार्डच बरं, क्रेडिट कार्डावर दर व्यवहाराला दोन-साडेतीन टक्के जास्तीचे जातात. आणि तुमचं इथलं सिम चालू ठेवा, एसएमएस घेण्यापुरतं रोमिंग हवं. ओटीपी त्याच नंबरवर येणार.

परवाना आजच कपाटातून काढून पाहा. पन्नाशीत नूतनीकरण केलेल्या बऱ्याच जणांच्या परवान्याची मुदत नेमकी साठीला संपते, आणि गावात कुणी अडवत नाही म्हणून लक्षात येत नाही. नूतनीकरण झाल्यावर अमरावतीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष.

विम्यात शुगर लपवू नका. हप्ता वाढेल, वाढू द्या. शेंगेनला किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय कवच लागतं, पण आधीपासूनचा आजार त्यात धरला आहे का, ते पॉलिसीच्या बारीक अक्षरात वाचा. एजंट सांगतो ते वेगळं आणि छापलेलं वेगळं असू शकतं. गोळ्या ६० नव्हे, ७५ दिवसांच्या घ्या, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह, आणि अर्ध्या हातातल्या बॅगेत.

आईंचं तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलं, पण ६० दिवस म्हणण्यामागे माझ्या मनात त्याही आहेत. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या, माणशी पाच-सात हजार जास्त गेले तरी. आणि अडीच लाख रुपये असे ठेवा की ज्यांना आणीबाणीशिवाय हात लावायचा नाही. दोघांची तातडीची परतीची विमानं त्यातून निघाली पाहिजेत. भावाला निघण्याआधी समोर बसवून सांगा की आईला काही झालं तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं, पैसे कुठून काढायचे. ‘तुला काय सांगायचं, तू घरचाच’ यावर सोडू नका.

वावराचाही खर्च या बजेटातलाच आहे, तो तुम्ही धरलेला दिसत नाही. ताण तोडल्यावर नवी पालवी आणि फूल येतं, त्याच वेळी सिट्रस सिला ही कीड येते. हे तुम्ही मला शिकवावं. फवारणी, रात्रपाळीच्या लाईनवर पाणी द्यायला माणूस, त्याची दोन महिन्यांची मजुरी, खत, मोटार जळाली तर दुरुस्ती, असे ७० हजार भावाच्या हाती आधीच देऊन जा. स्पेनमधून फोनवर पैसे पाठवत बसलात तर सहल तिथली आणि जीव इथला. मागच्या बहाराच्या बागेचा सौदा झाला असेल तर व्यापाऱ्याकडची राहिलेली रक्कम निघण्याआधी पुरी वसूल करा. विसार घेतलेला आणि बाकीचे ‘माल गेल्यावर’, या बोलीवर विमानात बसू नका.

असं करून ८ लाख १० हजार सहलीचे, ७० हजार घरचे, अडीच लाख राखीव. साडेअकराच्या आत. राखीवला हात लागला नाही तर परत आल्यावर बँकेत सहा लाख शिल्लक राहतील. घरावर कर्ज आहे किंवा लेकीचं लग्न बाकी आहे असं तुम्ही लिहिलं नाही, नाही असं धरते. असेल तर हा सगळा कागद फाडा आणि मला पुन्हा लिहा. नसेल तर पोस्टाचं तिमाही व्याज दोन वर्षं न खर्चता बाजूला टाका, सव्वातीन लाख तिथूनच भरून येतील.

आता वहिनींसाठी. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, खवा, पेढे घरीच. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट, मसाला न्या. मोसंबी-संत्रीही नेऊ नका, ताज्या फळाला रोगमुक्तीचा दाखला लागतो. बियाणं, कलम, काडी तर मुळीच नाही, जातानाही नाही आणि येतानाही नाही. तुमचा हात शिवशिवेल, म्हणून सांगते.

कॅम्पिंगच्या खांबावरून येणारी वीज बऱ्याचदा सहा अँपिअरचीच असते. त्यावर पाण्याची किटली आणि हीटर एकदम लावला की खटका पडतो. गॅसवर कुकर लावा. आणि व्हॅनमधल्या संडासाखाली वीसेक लिटरची एक पेटी असते. ती भरली, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी, बाहेरून दार उघडून ओढून काढायची, चाकांवर ढकलत ठरलेल्या जागी न्यायची, ओतायची, धुवायची, निळं औषध टाकून परत बसवायची. टीव्हीवर हे दाखवत नाहीत. हे काम कोण करणार ते घरून ठरवून निघा. माझं मत विचाराल तर तुम्ही. वहिनींनी चाळीस वर्षं पुष्कळ केलं.

पाहायचं काय, यात तुमचे पैसे कमीच जातील, कारण तुमच्या आवडीचं तिथे जवळजवळ फुकट आहे. व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी १२ वाजता कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय बसतं. तुरिया नदीच्या कालव्यांचे शेतकऱ्यांनी निवडलेले आठ प्रतिनिधी काळे झगे घालून गोल बसतात, कुणी पाळी मोडून पाणी घेतलं याची तक्रार तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. वकील नाही, कागद नाही. २००९ मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. वरूडचा भूजलाचा उपसा तुम्ही नोकरीभर पाहिला आहे, तुम्हाला ते पाच-दहा मिनिटांचं कामकाजही पुष्कळ सांगून जाईल. तक्रार नसेल तर ते लगेच उठतात, तेव्हा वेळेवर पोचा. शहराजवळ मोंकादा इथे सरकारी कृषी संशोधन संस्थेकडे लिंबूवर्गीय जातींचा मोठा संग्रह आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत तुमच्या ओळखी असतीलच, तिथल्या कुणाकडून आधी ईमेल जाऊ द्या, दारात जाऊन उभे राहू नका. बागांचे तुकडे तिथेही लहान आहेत आणि कितीतरी पडीक पडलेत, तेही डोळे उघडे ठेवून पाहा.

३६ दिवसांची बंगली व्हॅलेन्सियाच्या जवळपास घ्या. २४ दिवसांची व्हॅन घेऊन दक्षिणेला उतरा, देनिया, आलिकांते, मुर्सिया, शेवटी आल्मेरिया. तिथे ३० हजार हेक्टरांहून जास्त जमिनीवर प्लास्टिकखाली भाजीपाला आहे. व्हॅलेन्सिया ते आलिकांते हा द्रुतगती मार्ग २०२० पासून टोलमुक्त आहे, तेवढीच बचत. मोरोक्को समुद्रापलीकडेच आहे म्हणून भाड्याची गाडी बोटीवर चढवू नका, करारात बहुधा मनाई असते.

भाऊबंदांचं म्हणाल तर चारधाम उन्हाळ्यात उघडतं. मे महिन्यात जाऊन या, पेन्शनमधून भागेल.

निघण्याआधी एक करा. राज्याच्या २०२१ च्या कॅरॅव्हॅन धोरणानंतर आपल्याकडेही अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत, बहुतेक चालकासह. पावसाळा ओसरला की दोन रात्रींसाठी एक घ्या आणि चिखलदऱ्याला जा. तेवढ्या जागेत दोघं, ओले कपडे, कुकरची वाफ आणि ती पेटी. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी जे म्हणतील त्यावरून व्हॅनचे २४ दिवस ठेवायचे, १० करायचे की साठही दिवस बंगलीतच काढायचे, ते ठरवा. आकडे मग मी नव्याने मांडून देईन.